मोगऱ्याला दिलेला ताण

आमच्या घरामागे, धुण्याच्या दगडापलीकडे, एक मोगरा आहे. सासूबाईंनी लावलेला. त्यांना आम्ही सगळे जिजी म्हणायचो. जिजींचं माहेर नंदुरबारचं. तिथल्या अंगणातल्या मोगऱ्याचा दाब, म्हणजे मातीत दाबून मुळं धरलेली फांदी, त्यांनी स्वतः अमळनेरला आणून लावला. त्या असेपर्यंत चैत्र-वैशाखात रोज दिवेलागणीला परडी भरायची. देवाला वाहून, शेजारणींना वाटून, शेवटी मूठभर कळ्या पाण्याच्या माठात पडायच्या. जिजी गेल्या आणि मोगरा माझ्या हाती आला. त्यानंतरच्या तीन उन्हाळ्यांत मिळून त्याने वीस-पंचवीस फुलं दिली असतील.

झाड वाळलं नव्हतं. उलट माजलं होतं. हातभर लांब शेंडे, गच्च पानं, आत वारा शिरायला जागा नाही. येणारा-जाणारा म्हणायचा, काय छान वाढवलंय! मला मात्र मनातून लागायचं. जिजींनी पंचवीस वर्षं फुलवलेलं झाड माझ्या हाती आल्यावर मुकं का झालं, हा प्रश्न मी रोज त्याच्यासमोर उभी राहून स्वतःला विचारत होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून वेळ हाताशी होता. तो सगळा मी त्या झाडाला पाणी घालण्यात घालवत होते, आणि चूक तिथेच होती.

डिसेंबरात आबा लिंबं द्यायला आले. आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. चाळीस वर्षं लिंबाची बाग सांभाळलेला माणूस. पिशवी ओट्यावर ठेवली आणि सवयीने मागे डोकावले. मोगऱ्याचा शेंडा बोटांत धरून वाकवला. काडकन मोडला नाही, रबरासारखा वळला.

"किती पानी देस व याले?"

म्हटलं, रोज एक बादली. सकाळी.

आबा थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "भूक लागू दे व माय त्याले, मंग फुलस ते."

लिंबाला बहार, म्हणजे फुलाफळांचा हंगाम, धरायचा तर आधी पाणी तोडतात, हे मला ऐकून माहीत होतं. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार हे शब्द इकडे कुणाच्याही कानावरून गेलेले असतात. पण तो नियम घरातल्या मोगऱ्यालाही लागू होतो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आबांनी ओट्यावर बसून समजावलं. झाडाला भरपूर पाणी आणि खत मिळत राहिलं की ते लाकूड आणि पानं वाढवत बसतं. पाणी तोडलं की वाढ थांबते आणि अन्न फांद्यांत साठतं. मग छाटणी करून पाणी सोडलं की नवे धुमारे एकदम फुटतात. मोगऱ्याची कळी येते ती या नव्या धुमाऱ्याच्या टोकाला. जुन्या लाकडावर बसून राहिलेलं झाड कळी आणणार कुठून?

मग मला जिजींची एक गोष्ट आठवली. दर वर्षी मार्गशीर्ष सरता सरता त्या मोगऱ्याकडे पाठ फिरवायच्या. मी एकदा पाणी घालायला गेले तर हातातली बादली काढून घेतली होती. "राहू दे त्याला." एवढंच. मला वाटलं होतं, थंडीत पाणी लागत नसेल. त्यांनी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एका घरात इतकी वर्षं राहून आम्ही स्वयंपाकाबद्दल, सणांबद्दल, पोरांच्या तापाबद्दल किती बोललो असू, पण हे राहूनच गेलं.

त्या दिवसापासून पाणी बंद.

ताण देणं म्हणजे पाणी न घालणं, इतकं सोपं ते नाही. आमची माती काळी, चिकट. हलक्या मुरमाड जमिनीत आठ-दहा दिवसांत झाड मान टाकतं, काळ्या जमिनीत पंधरा दिवस काही कळतसुद्धा नाही, कारण ओल खाली धरलेली असते. पहिले दोन आठवडे मोगरा तसाच हिरवागार होता. तिसऱ्या आठवड्यात पानांची चकाकी गेली. दुपारी ती आत वळायची, संध्याकाळी पुन्हा सरळ व्हायची. आबांनी एक खूण सांगून ठेवली होती: दुपारी पान वळलं तर घाबरायचं नाही. सकाळी उठल्यावरही वळलेलंच दिसलं, आणि खालची पाव हिस्सा पानं पिवळी पडून गळाली, की ताण पुरा झाला. त्यापुढे एक दिवस ओढायचा नाही, नाहीतर फांद्या वाळतात.

त्या दिवसांत रोज सकाळी चहाआधी मी मागे जायचे. इतकी वर्षं मुलांना शिकवलं, परीक्षा घेतल्या, पण एखाद्या जिवाला मुद्दाम उपाशी ठेवून बघत राहणं मला जमत नव्हतं. दोनदा हातात तांब्या घेतला आणि परत ठेवला.

याच काळात दोन दिवस बहिणीकडे जाणं झालं. तिची शेती यावल तालुक्यात, बामणोदकडे. जानेवारी म्हणजे भरिताचे दिवस, आणि बामणोदचं वांगं म्हणजे काय ते खानदेशात सांगावं लागत नाही. फिकट हिरवं, पांढरट रेघांचं, हातभर मोठं आणि आत बिया अगदी थोड्या. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बहिणीने मला फोन करून अभिमानाने सांगितलं होतं. शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ केला, त्यात वांगी टाकली. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास कधीच येत नाही. काड्यांचा जाळ भरभर पेटतो, भरभर विझतो, वांगं बाहेरून करपतं आणि आतून लोण्यासारखं होतं. साल काढून लाकडी बडगीत घातलं, हिरवी मिरची-लसूण आधीच ठेचलेलं होतं. वर कांद्याची पात, भाजलेले शेंगदाणे, कोथिंबीर, तेलाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून दळलेलं ते पीठ, त्याची भाकरी जाडसरच हवी. आम्ही बांधावर बसून जेवलो. थंडी एवढी होती की दुपारीही उन्हात सरकून बसावंसं वाटत होतं.

जेवण झाल्यावर केळीच्या बागेकडे फिरायला गेलो. बागेच्या पश्चिमेला शेवरीची दाट ओळ होती. मेहुण्यांना विचारलं, ही कशाला? म्हणाले, वाऱ्यासाठी. मे महिन्यात तापलेला पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा हीच ओळ पानं फाटू देत नाही. "ऊन केळी सहन करते हो, वारा नाही." हे वाक्य मी मनात बांधून घरी आणलं. पुढे त्याचा फार उपयोग झाला.

परत आले तर मोगरा ओळखू येईना. अर्धी पानं जमिनीवर, उरलेली सकाळच्या गारव्यातही चुरगळलेली. आबांना बोलावलं. ते हसून म्हणाले, "झायं." झालं.

छाटणी त्यांनी मला करू दिली, स्वतः फक्त बाजूला उभे राहिले. आधी वाळलेलं आणि रोगट लाकूड. मग एकमेकींना घासणाऱ्या फांद्यांपैकी एक. मग सगळं झाड जमिनीपासून दीड फुटावर. इतकं खाली कापताना माझा हात थांबला. गेली तीन वर्षं मी नुसते शेंडे खुडत होते. जिजींच्या हातचं जाड लाकूड कापायला मन धजत नव्हतं. आबा म्हणाले, कात्री तिरकी धरा आणि डोळ्याच्या वर कापा. डोळा म्हणजे फांदीवरचा तो फुगीर ठिपका, जिथून नवा धुमारा निघतो. उरलेली पानंही खुडून टाकली. संध्याकाळी तिथे सात-आठ काड्यांचा एक बुडखा उरला होता. शेजारच्या पेरूची एक फांदी दुपारनंतर मोगऱ्यावर सावली धरायची, तीही काढली. मोगऱ्याला निदान सहा तास उघडं ऊन लागतं, त्याहून कमी मिळालं तर तो पानांवरच थांबतो.

आळं उकरून चार दिवस उन्हात तापू दिलं. मग जुनं शेणखत एक घमेलं आणि निंबोळी पेंड दोन मुठी. मी चुलीची राख आणून ठेवली होती, ती आबांनी परत नेऊन ठेवायला सांगितली. आमची जमीन चुनखडीची, राखेने ती आणखी अल्कधर्मी होते. गुलाबाला राख घाला, मोगऱ्याला राख घाला असं सर्रास सांगितलं जातं. कोकणातल्या लाल मातीत ते चालत असेल, इथे नाही.

पहिलं पाणी हलकंच, आंबवणीचं. चार-पाच दिवसांनी दुसरं, चिंबवणीचं. त्यानंतर भरपूर. तहानलेल्या माणसाला एकदम तांब्याभर पाणी देत नाहीत, घोटघोट देतात, तसंच हे. बाराव्या दिवशी एका काडीवर तांबूस हिरवा ठिपका दिसला. दुसऱ्या दिवशी पाच. आठवड्यात मोजणं सोडून दिलं.

फेब्रुवारीत घाबरवणारा प्रकार झाला. नवी पानं पिवळी निघायला लागली. जुनी हिरवी, नवी पिवळी, आणि त्या पिवळ्या पानात शिरा मात्र हिरव्या, जाळी विणल्यासारख्या. मला वाटलं ताण जास्त झाला, मुळं मेली. आबांनी पान उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, पाणी कुठलं घालता?

इथे ते सांगायलाच हवं. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं आणि बोअरचं पाणी जड. घरोघरी पिण्यासाठी आरओ लावलेले आहेत. त्या यंत्रातून शुद्ध पाण्याबरोबर वाया जाणारं पाणी निघतं, ते मी बादलीत धरून रोज मोगऱ्याला घालत होते. पाण्याचा थेंब वाया जाऊ नये ही आमच्या पिढीची शिकवण, आणि त्यात मला समाधानही होतं. पण आरओचं ते वाया जाणारं पाणी म्हणजे मूळच्या जड पाण्यातले क्षार आणखी दाट झालेलं पाणी. तीन वर्षं रोज एक बादली. आळ्याच्या कडेला पांढरी खार धरलेली होती, ती मी डोळ्यांनी बघत होते आणि तिचा अर्थ लावला नव्हता. जमिनीत लोह असतं, पण चुना आणि क्षार वाढले की मुळांना ते उचलता येत नाही. म्हणून कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या.

उपाय साधा निघाला. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम, त्यात थोडा लिंबाचा रस, आणि ऊन उतरल्यावर पानांवर फवारणी. पंधरा दिवसांनी पुन्हा. आळ्यातली वरची पांढरी माती खरवडून काढली, शेणखत आणखी एक घमेलं घातलं. आरओचं पाणी आता मी फरशी पुसायला आणि संडास धुवायला वापरते. मोगऱ्याला नळाचं साठवलेलं पाणी, तेही तिसऱ्या-चौथ्या दिवशी. दुसऱ्या फवारणीनंतर आलेली पानं गडद निघाली. त्या दिवशी मी आबांकडे शेवया दिल्या, आणि त्यांनी परत पिशवीभर लिंबं दिली.

होळीच्या आसपास पहिली कळी दिसली. गव्हाच्या दाण्याएवढी, तीन एकत्र.

मग आमचा उन्हाळा सुरू झाला. खानदेशात मार्च-एप्रिल म्हणजे गच्चीवरचे महिने. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजवायचा, वाटून चीक काढायचा, पहाटे तो शिजवायचा. बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, ज्वारी वेगळी. लसूण, तीळ, मिरची घालून घाटा शिजला की ओल्या धोतरावर हाताने थापायचा आणि खाटेवर पसरायचा. या वर्षी आम्ही चौघी-पाचजणी होतो. गरम चीक वाटीत घेऊन, वर तेल आणि तिखट घालून गच्चीच्या सावलीत बसून खाल्ला. लहानपणी यासाठी आम्ही पोरं पहाटे उठायचो. आता पोरं पुण्या-मुंबईला, चीक खायला आम्हीच म्हाताऱ्या. पण गच्चीवरून खाली बघितलं तर मोगऱ्याचा बुडखा कमरेएवढा झाला होता आणि पानांतून पांढरे ठिपके दिसत होते. एक जाऊबाई म्हणाल्या, "जिजींच्या वेळेसारखा दिसतोय." मला बोलता आलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी अकरा फुलं निघाली. पुढच्या आठवड्यात रोज तीस-चाळीस. कळी सकाळी टच्च हिरवट-पांढरी असते, दुपारभर फुगत राहते आणि सूर्य कलला की सुटायला लागते. गजऱ्यासाठी खुडायची तर दुपारीच खुडावी. उमललेलं फूल ओवताना पाकळ्या सांडतात. जिजी साडेतीनच्या उन्हात डोक्यावर पदर घेऊन मागे जायच्या आणि मी म्हणायचे, संध्याकाळी जा ना. त्यांचं बरोबर होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र मी ठरवून सगळं त्यांच्या पद्धतीने केलं. पितरांसाठी घागर भरली, तिच्यावर लहानगं मातीचं भांडं, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. पुरणाची पोळी खापरावरची. दोन्ही हातांवर फिरवून फिरवून ती साडीच्या घडीएवढी पातळ मोठी करायची आणि उलट्या खापरावर टाकायची. माझ्या हाताला ती अजून जिजींसारखी येत नाही, कडा जाड राहतात. सोबत आमरस, कुरडई, कटाची आमटी, भजी. विस्तवावर आगारी, म्हणजे पितरांचा घास, टाकली आणि त्या वर्षीच्या पहिल्या भरगच्च बहरातला मोगरा घागरीभोवती गुंडाळला. त्या दिवशी ९० फुलं होती. त्यांच्याच झाडाची त्यांना.

आखाजीनंतर आठ दिवसांत, वैशाख शुद्ध एकादशीला, अमळनेरात सखाराम महाराजांचा रथ निघतो. पौर्णिमेला पालखी. बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरते, पाळणे लागतात, भांड्यांची दुकानं लागतात, आणि गाव महिनाभर वाळूतून चालतं. जिजी रथाला मोगऱ्याचा हार न्यायच्या. या वर्षी मी नेला. गर्दीत हात वर करून तो पुढे दिला, कुणीतरी घेतला आणि पुढे सरकवला. रथापर्यंत पोचला की नाही ते दिसलं नाही. हाताला वास मात्र घरी येईपर्यंत होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पारा ४५ च्या वर गेला. इकडे आम्ही उन्हाची तक्रार फारशी करत नाही. सकाळी दहाच्या आत बाजार, दुपारी दारं-खिडक्या बंद, कूलर, डोक्याला रुमाल, खिशात कांदा, आणि जेवणात दही-भाकरी, कच्चा कांदा, कैरीची चटणी. रात्री गच्चीवर अंथरूण. पण मोगऱ्याच्या कळ्या लहान व्हायला लागल्या, टोकं तांबूस पडून वाळायला लागली. पाणी वाढवावं असं मनात आलं. तेवढ्यात मेहुण्यांचं ते वाक्य आठवलं.

दुपारी दोन वाजता मागे जाऊन उभी राहिले. ऊन होतंच, पण गालाला भाजत होता तो वारा. पश्चिमेच्या भिंतीच्या फटीतून भट्टीतून आल्यासारखा सरळ मोगऱ्यावर. शेवरी लावायला उशीर झाला होता, म्हणून दोन बांबू रोवून त्या बाजूला हिरवी जाळी ताणली. वर काही नाही, फक्त पश्चिमेला. आळ्यात तुरीचं भुसकट चार बोटं जाड पसरलं. पाणी पहाटे, ऊन चढायच्या आत. पानांच्या खाली बारीक जाळं आणि लालसर ठिपके दिसले. लाल कोळी. कोरड्या उन्हात तो येतोच. तीन संध्याकाळी पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरात फवारा मारला, मग निंबोळी अर्क. लिटरला ५० ग्रॅम निंबोळीची पूड, रात्रभर भिजवून गाळून. आठवड्यात कळ्या पुन्हा टपोऱ्या झाल्या. जिथे माणूस दुपारी बाहेर पडत नाही, तिथे हे झाड त्याच उन्हावर फुलतं. मोगरा उन्हाळ्यात थंडावा देतो म्हणतात, पण त्याला स्वतःला तापायला लागतं. २२ मेच्या संध्याकाळी १६४ फुलं मोजली. त्या वर्षातली सगळ्यात जास्त.

त्या रात्री गच्चीवर पडल्यावर नंदुरबारचा प्रवास आठवत राहिला. मी नवी सून होते. थंडीचे दिवस. जिजी मला पहिल्यांदा माहेर दाखवायला घेऊन निघाल्या होत्या. भुसावळ-सुरत मार्गावरची पॅसेंजर. बेटावद, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा. प्रत्येक स्टेशनवर जिजी खिडकीतून कुणाला ना कुणाला ओळखायच्या. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. नंदुरबार जवळ आलं आणि माळावर दूरवर लाल रंग दिसायला लागला. मला वाटलं फुलांची शेती. जिजी म्हणाल्या, "मिरची." पथारीवर वाळत घातलेली मिरची, एकरच्या एकर, आणि तिच्यात बायका ओळीने बसलेल्या. गाडीचा वेग कमी झाला तसा अख्खा डबा शिंकायला लागला. जिजी मात्र खिडकीला तोंड लावून बसल्या होत्या. माहेरचा वास होता तो.

परत येताना त्यांच्या मांडीवर पितळी डबा होता. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला मोगऱ्याचा दाब. अमळनेरपर्यंत त्यांनी तो डबा खाली ठेवला नाही.

रोहिणी कोरडी गेली. मृगात पाऊस आला. पहिल्या पावसाच्या रात्री कळ्या भिजून दुसऱ्या दिवशी तपकिरी झाल्या, हे होतंच. बहर ओसरला. ज्या फांद्यांना फुलं येऊन गेली त्यांचे शेंडे दोन-दोन पेरं खुडले, म्हणून जुलैत आणखी एक लहानसा बहर मिळाला. श्रावणात कानबाई या खानदेशातल्या देवीच्या सणाला, रोटांच्या दिवशी, एक छोटा गजरा करता आला. तेवढाच.

त्याआधी आषाढात मी दाब धरले होते. जमिनीलगतची पेन्सिलएवढी फांदी घ्यायची, एका पेराखाली सालीला तिरका काप द्यायचा, तो भाग वाकवून मातीत दाबायचा आणि शेंडा बाहेर ठेवायचा. वर वीट ठेवली की फांदी उसळत नाही. पावसाळ्याच्या ओलीत दोन महिन्यांत मुळं धरतात. तिन्ही दाब लागले. पोळा झाल्यावर मुख्य झाडापासून कापून वेगळे केले. एक आबांना, एक बहिणीला.

तिसरा नंदुरबारला न्यायचा होता. जिजींच्या भावाकडे, आता तिथे फक्त मामी आहेत. काही वर्षांपूर्वी घर नव्याने बांधलं, अंगणात फरशी झाली आणि मूळ मोगरा त्यात गेला. मामींनी ते फोनवर सांगितलं होतं, तेव्हा जिजी नुसत्या "हं" म्हणाल्या होत्या.

भाद्रपदात निघाले. पॅसेंजरला गर्दी होती, पण खिडकी मिळाली. मांडीवर तोच पितळी डबा. फडकं स्टेशनवर एकदा ओलं केलं. दोंडाईच्याच्या पुढे पाऊस लागला. जिथे तेव्हा लाल पसरलेलं पाहिलं होतं तिकडची शिवारं आता हिरवी होती, मिरचीची झाडं गुडघ्याएवढी, ओळींत पाणी साचलेलं.

मामींनी घराच्या पश्चिमेला कोपऱ्यातल्या दोन फरश्या आधीच काढून घेतल्या होत्या. मी म्हटलं, पश्चिमेला नको मामी, तिकडून वारा येतो. मग पूर्वेच्या भिंतीकडच्या दोन काढल्या. गवंड्याचा पोरगा छिन्नी-हातोडा घेऊन आला, तासभर लागला. खालची माती काळी, घट्ट. ती उकरून शेणखत मिसळलं, दाब लावला, आधाराला काडी बांधली. हात धुवून आत गेलो तर मामींनी शेवभाजी आणि बाजरीची भाकरी वाढली होती. रस्सा असा की डोळ्यांत पाणी आलं.

जेवता जेवता मामी विचारत होत्या, पाणी किती, ऊन किती, खत कधी. मी सगळं सांगितलं, आणि मार्गशीर्ष संपला की महिनाभर पाणी बंद करा म्हणून सांगितलं. या वर्षी नाही, रोप लहान आहे. पुढच्या वर्षापासून.

"बंद? अजिबात नई देवानं?" मामींनी भाकरीचा घास हातातच धरला.

"अजिबात नाही. मी येईन तेव्हा."